न दिसणाऱ्या रफूचा फोटो

सकाळपासून आभाळ पांढरंफटक होतं. वारा नाही, ऊन नाही, आणि सावल्या तर सगळ्या एकदम रजेवर गेल्यासारख्या. असा दिवस उगवला की रफूच्या दुकानात नवराबायकोचं हटकून वाजायचं. काकांना कामाला तिरपं ऊन लागतं. खिडकीतून ऊन आडवं आलं की कापडाचा धागान् धागा नांगरलेल्या रानासारखा उठून दिसतो आणि सुई आपल्या पायांनी चालते, असं त्यांचं म्हणणं. काकूंना मात्र असलंच आभाळ पाहिजे. उन्हात फोटो काढला की निम्मी वस्तू काळोखात जाते. या असल्या उजेडात ती चारी बाजूंनी खरं बोलते.

तर काका खिडकीशी एका पँटच्या गुडघ्यावर नाक टेकवून आभाळाच्या नावानं बोटं मोडत होते, आणि काकू रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून गटाराच्या झाकणाचा फोटो काढत होत्या. आत इस्त्री तापून बसली होती. फळीपाशी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यांतल्या एकानं काकांना हळूच विचारलं, बाईंचं काही पडलंय का गटारात. काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पडलं काही नाही. त्या झाकणाचं नशीब उघडलंय."

काकूंना हा नाद लागून सहा वर्षं झाली होती. लेक नोकरीसाठी दूरगावी गेली तेव्हा आपला जुना संगणक मागं ठेवून गेली, आणि सगळ्यांनी मिळून लिहायचा तो मराठी ज्ञानकोश कसा उघडायचा तेही दाखवून गेली. आई, काही अडलं तर यात बघ, इतकंच ती म्हणाली होती. काकूंनी पहिल्याच दिवशी, काही अडलेलं नसताना, 'शिडी' हा लेख उघडला. शिडीचे प्रकार होते, शिडीचा इतिहास होता, शिडीवरून पडण्याची सात कारणं होती. फक्त शिडी कुठं नव्हती. काकूंना ते एखाद्या घरात जेवणाचं सगळं मांडावं आणि भातच विसरावा तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीला वायरमनची शिडी टेकलेली दिसली. काकूंनी वायरमनला खाली उतरवला, बाजूला उभा केला, शिडीचा फोटो काढला आणि मग त्याला परत वर जायला सांगितलं. त्या लेखाला शिडी मिळाली आणि काकूंना काम मिळालं.

तेव्हापासून बिनचित्राचा लेख दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. 'सुईदोरा' असं टोपणनाव घेऊन त्यांनी सव्वातीनशे लेखांना चित्रं लावली. खराटा, बिजागरी, पायपुसणं, गंज, ओल आलेली भिंत, फाटकी छत्री. कुणी फोटो चढवला की तो सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळा होतो, एकदा दिला की परत मागता येत नाही, हे त्यांनी नीट वाचून घेतलं होतं, आणि कुणाचंही चित्र त्याला विचारल्याशिवाय लावायचं नाही हेही पाळलं होतं. 'जांभई' या लेखासाठी काकांना विचारलं. काकांनी बायकोसाठी एवढं करायचं म्हणून जांभई दिली, तर लेखाच्या चर्चेच्या पानावर कुणीतरी लिहिलं की हा गृहस्थ जांभई देत नसून कुणावर तरी ओरडतो आहे. मग दुसरी जांभई काढावी लागली. काका अर्धा तास जांभया देत बसले, त्यांचं बघून फळीपाशी उभं राहिलेलं प्रत्येक गिऱ्हाईक जांभई द्यायला लागलं, आणि त्या दिवशी दुपारी अर्धी गल्ली आडवी झाली.

शेजारी काकांच्या थोरल्या बहिणीची लाँड्री. काकूंची ही नणंद 'अंबाडा' या लेखात आहे. चेहरा दिसता कामा नये या अटीवर तिनं पाठमोरा फोटो काढू दिला, आणि चेहरा दिसत नाही म्हणून पुढं महिनाभर तोंड फुगवून बसली.

सगळ्यांत मोठं महाभारत झालं ते बादलीवरून. बादलीचं पहिलं चित्र कुठलं असावं यावर अकरा दिवस चर्चा चालली. एकाला लोखंडी हवी होती, एकाला प्लास्टिकची. एक गृहस्थ म्हणे विहिरीवरची, दोर बांधलेली, मागं मावळतीचा उजेड असलेली. भलतं सुंदर चित्र होतं ते, सगळे त्याच्यावर भाळले होते. काकूंनी शेवटी चर्चेच्या पानावर लिहिलं की बादली ज्यानं पाहिलेली नाही त्याच्यासाठी हे चित्र आहे; त्याला मावळतीचा उजेड दाखवला तर तो उजेड बघेल, पाणी दाखवलं तर पाणी बघेल, म्हणून त्याला रिकामी, सरळ उभी, कडीसकट बादली दाखवा. न्हाणीघराच्या दारात ठेवलेली काकूंची निळी बादली पहिल्या जागी बसली, ती अजून तिथंच आहे.

काकांना या सगळ्याचं कौतुक नव्हतं असं नाही, पण ते कौतुक गिऱ्हाइकासमोर टोमण्यांच्या रूपानंच बाहेर पडायचं. माणूस तसा अबोल. बापाच्या हाताखाली रफू शिकला आणि चाळीस वर्षं त्याच खिडकीशी बसला. सिगारेटचं ठिणगीएवढं भोक असो की उंदरानं कुरतडलेली बाही, काका त्याच कपड्याच्या शिवणीच्या आत दाबलेल्या कापडातून धागे ओढून काढायचे आणि मूळ विणीला वीण जुळवत उभे-आडवे घालत जायचे. काम झाल्यावर ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली की भोक कुठं होतं ते सांगायला फाडणारा आला तरी त्याला सापडायचं नाही. काकांची सगळी कमाई म्हणा, किंवा सगळं नुकसान म्हणा, ते यात होतं. त्यांचं काम गावभर लोकांच्या अंगावर हिंडत होतं आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. कधीकधी रस्त्यानं जाताना ते एखाद्याच्या पाठीकडं टक लावून बघत चालायचे. काकू कोपरानं ढोसायच्या, लोक काय म्हणतील. काका म्हणायचे, या कोटात मी आहे, पण कुठं आहे ते आठवत नाही.

त्या गटाराच्या झाकणाच्या दिवशी दुपारी नणंद फोन नाचवत दुकानात शिरली. तिला म्हणे गिऱ्हाइकाला रफू आणि ठिगळ यांतला फरक समजावून सांगायचा होता, म्हणून तिनं वहिनींचा ज्ञानकोश उघडला. "अरे, हे बघ," ती भावाला म्हणाली, "वहिनींनी जगाच्या गटारांना चेहरा दिला. तुझ्या धंद्याचा चेहरा मात्र असा आहे."

'रफू' या लेखाच्या माथ्यावर एक राखाडी पायमोजा होता. त्याच्या टाचेवर निळ्या लोकरीचे जाडेभरडे टाके, मध्ये फुगलेले, कडेनं आवळलेले. खरूज धरल्यासारखं दिसत होतं. खाली ओळ होती: रफू केलेले वस्त्र.

काकूंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या फक्त बिनचित्राचे लेख शोधायच्या. या लेखाला आधीपासून कुणीतरी चित्र लावलेलं, म्हणून सहा वर्षांत त्यांनी तो कधी उघडलाच नव्हता. नवऱ्याच्या पोटापाण्याचा लेख, आणि तो त्यांच्या नजरेतून निसटला. काकांनी फोन हातात घेतला, नाकाजवळ नेला, लांब धरला, आणि नणंदेला परत दिला. संध्याकाळी चहा निवून गेला तरी कपाला हात नाही. दुकान बंद करताना एवढंच म्हणाले, "मी मेल्यावर कुणी बघेल की हा माणूस काय करत होता. तर त्याला तो पायमोजा दिसेल."

एवढं ऐकल्यावर काकू कसल्या गप्प बसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांचा जुना राखी कोट काढला. बाहीवर इस्त्रीची ठिणगी उडून पडलेलं बोराएवढं भोक होतं, घरचा म्हणून ते वर्षभर तसंच राहिलेलं. काकूंनी भोकाचा फोटो काढला. काकांनी त्यावर जीव ओतला. म्हणजे आधीच्या चाळीस वर्षांत ओतायचा राहिलेलाही ओतला. मग काकूंनी त्याच जागेचा, तेवढ्याच अंतरावरून, तशाच उजेडात दुसरा फोटो काढला. लेखातून पायमोजा हटवला आणि दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले: रफूच्या आधी, रफूनंतर. काकांना बोलावून दाखवलं. काका खुर्ची ओढून बसले, बराच वेळ बघत राहिले, आणि कधी नव्हे ते गुणगुणायला लागले.

ते गुणगुणणं दोन तास टिकलं. 'काटकोन' नावाच्या कुणीतरी दोन्ही फोटो काढून पायमोजा परत जागेवर बसवला होता. कारण दिलं होतं: पहिल्या चित्रात फक्त छिद्र आहे, दुसऱ्यात फक्त कापड आहे, रफू कोठेही नाही.

काटकोन हा काय माणूस आहे हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण एखादं चित्र जरा तिरकं असलं की कुठूनसा उगवायचा. बिजागरीच्या चित्रात खिळे मोजून तिसरा खिळा कमी आहे असं त्यानंच दाखवून दिलं होतं. काकूंनी फोटो परत लावले. त्यानं परत काढले. तिसऱ्यांदा काढताना त्यानं चर्चेच्या पानावर अत्यंत आदरानं लिहिलं की 'सुईदोरा' यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु दुसरे छायाचित्र त्याच कापडाच्या दुसऱ्या, न फाटलेल्या भागाचे नाही, याला आधार काय?

काकूंनी ते काकांना वाचून दाखवायला नको होतं. वाचून दाखवलं. काकांची सुई हातातच थांबली. चाळीस वर्षांत त्यांना कुणी उशीर करतो म्हणालं होतं, कुणी महाग म्हणालं होतं, लबाड कुणी म्हणालं नव्हतं. शेजारून नणंद आली, तिनंही वाचलं, आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचे कपडे धुऊन वाळत घातले. काकूंनी मग रागाच्या भरात पण आदरार्थी अनेकवचन न सोडता लिहिलं: आपण स्वतः यावे, आपलेच फाटके वस्त्र घेऊन यावे, आणि खात्री करून घ्यावी. खाली दुकानाचा पत्ता.

आठ दिवसांनी दुपारच्या बसनं तो आला. काकूंच्या मनात काटकोन म्हणजे तरणाताठा, भांडखोर, दाढी राखलेला कुणीतरी होता. दारात उभे होते ते सत्तरीकडं झुकलेले, काडीसारखे वाळके गृहस्थ, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला कोट. जमीन मोजणीच्या खात्यात उभा जन्म गेलेला. चपला त्यांनी उंबऱ्याशी अशा काढल्या की दोन्ही अंगठे एका रेघेत. काकूंना त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, आपण सुईदोरा ना, आपल्या मताबद्दल मला आदर आहे. काकूही म्हणाल्या, आपल्याही मताबद्दल मला आदर आहे. नणंद दारात उभी राहून हे ऐकत होती. तिला वाटलं आता हे दोघं एकमेकांच्या नाकावर ठोसा मारणार.

कोटाच्या डाव्या कोपरावर कसरीनं खाल्लेलं भोक होतं. मोजणीसाहेबांनी खिशातून फूटपट्टी काढली, खांद्याच्या शिवणीपासून अंतर घेतलं, बाहीच्या कडेपासून घेतलं, वहीत आकृती काढली, खाली तारीख घातली. काकांनी हे सगळं हाताची घडी घालून बघितलं, मग कोट मांडीवर ओढला आणि आतल्या शिवणीतून धागे सोडवायला लागले. तीन तास लागले. मोजणीसाहेब समोर स्टुलावर बसून सबंध वेळ बघत होते. डबासुद्धा बघत बघतच खाल्ला. शेवटचा धागा आत गेला, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली, वाफ निघाली, आणि काकांनी कोट झटकून त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी वही उघडली, पट्टी लावली, भिंग काढलं. भिंगातून बघितलं. कोट उजेडाकडं धरला. शिवणीपासून परत मोजलं, कडेपासून परत मोजलं, पहिली मापं तपासली, आकडे बरोबर होते. मग बोटांनी चाचपलं, मग डोळे मिटून चाचपलं. नणंदेनं गोडव्यानं विचारलं, उजव्या कोपरावर बघता का जरा, तिकडं सरकलं असेल. साहेबांना ती थट्टा कळलीच नाही. त्यांनी खरंच उजवं कोपर बघितलं. शेवटी चष्मा काढून ते काकांना म्हणाले, "मी आपल्यावर खोटेपणाचा संशय घेतला. चूक झाली. असं काम मी पाहिलेलं नाही. म्हणजे, आत्ताही पाहत नाही."

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नणंद स्वतः उठून चहा टाकायला गेली. ती आपल्या हातानं चहा टाकते म्हणजे मामला मोठा. काकूंनी तिथल्या तिथं संगणक उघडला. फोटो परत लावायला त्या वळल्या, तेवढ्यात साहेब घसा खाकरून म्हणाले, "फोटो खरे आहेत. पण लावता यायचे नाहीत."

दुकानात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि तिथं सुया काही कमी नव्हत्या.

साहेबांनी वहीची मागची पानं चाळली. त्यांना एखादी गोष्ट पटली की ते लिहून ठेवत. बादलीच्या वेळचं काकूंचं सगळं म्हणणं तिथं तारखेसह उतरवलेलं होतं, आणि त्यांनी ते वाचून दाखवलं: ज्यानं पाहिलेली नाही त्याच्यासाठी हे चित्र आहे. मग वही मिटून म्हणाले, "ज्यानं रफू कधी पाहिलं नाही, बाई, त्याला आपल्या यजमानांच्या कोटात काय दिसेल? कोट दिसेल. तो पायमोजा वेडाविद्रा आहे, पण धागा खाली कसा जातो, वर कसा येतो, ते त्यात कळतं."

काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. काका त्यांच्याकडंच बघत होते. आता सहा वर्षांत काकूंनी किती जणांची सुंदर चित्रं याच एका वाक्यावर काढून टाकली होती, त्याचा हिशोब त्यांचा त्यांना पाठ होता. मावळतीच्या उजेडातली ती बादलीसुद्धा कुणाच्या तरी जिवाचा तुकडा असणार. तेव्हा त्यांचं काही हललं नव्हतं. आता मांडीवर हात ठेवून बसलेला हा माणूस समोर होता, एका फोटोवर दोन तास गुणगुणलेला. होय म्हटलं तर घर दुखावणार, नाही म्हटलं तर उद्या कुणाच्या शिडीला हात लावायला तोंड राहणार नाही.

"त्यांचं बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

साहेब सहाच्या बसनं गेले. जाताना चपला पुन्हा एका रेघेत घालून गेले. आणि त्या घरात अबोला सुरू झाला. काकांचा अबोला म्हणजे मुळात आवाज कमी असलेल्या रेडिओचं बटण बंद केल्यासारखा, परक्याला फरक कळायचा नाही. काकूंना मात्र भिंतीसुद्धा रुसल्यासारख्या वाटायला लागल्या. निरोप नणंदेच्या मार्फत जायचे. मीठ जास्त झालंय हे वाक्य काकांच्या तोंडून निघून, लाँड्रीला वळसा घालून, काकूंच्या कानात येईपर्यंत ताट धुऊन झालेलं असायचं. वर नणंद त्यात आपल्या पदरचं घालणार. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्या पायमोज्याशीच लग्न करायचं होतं." काकूंनी ऐकून घेतलं. पण पायमोजा काही त्यांनी काढला नाही, आणि कोटाचे फोटोही गुपचूप लावले नाहीत. रोज लेख उघडायच्या, बघायच्या, मिटायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी काम बाजूला ठेवलं आणि खिडकीकडं तोंड करूनच विचारलं, "त्या मोज्यात असं काय दिसतं, जे माझ्यात दिसत नाही?"

काकूंनी संगणकावर मोजा मोठा करून दाखवला. उभे धागे बघा, त्या म्हणाल्या. आता त्यांच्यातून आडवा कसा एक सोडून एक चाललाय बघा. हे बघून एखादी बाई घरी बसून आपला मोजा सांधेल. तुमचा कोट बघून ती फक्त हात टेकेल. काका बघत राहिले. मग तुच्छतेनं म्हणाले, ताण चुकलाय याचा, म्हणून फुगलंय. उभे धागे घालताना ओढ जास्त लागली. असलं माझ्या बापासमोर केलं असतं तर सुई हातात टोचली असती. काकू म्हणाल्या, मग ताण न चुकलेलं, पण दिसणारं, असं तुम्हीच करून द्या की. काका म्हणाले, दिसणारं रफू मी कसं करणार, आणि खण उघडून लाल दोरा शोधायला लागले.

पुढचा सबंध दिवस दुकानात जे चाललं ते बघायला नणंदेनं लाँड्री वाऱ्यावर सोडली. पांढऱ्या कापडाला काकांनी कात्रीनं भोक पाडलं. आधी तेच जमेना. चाळीस वर्षं भोकं बुजवलेल्या हाताला भोक पाडायचं म्हणजे संकटच. कात्री कापडाशी नुसती घुटमळत होती. मग लाल दोऱ्यानं रफू सुरू. अर्ध्या तासानं त्यांनी कापड काकूंच्या हातात दिलं. लाल दोरा खरा, पण विणीत असा मुरला होता की पांढऱ्या कापडाला जन्मतःच लाल चौकोन होता असं वाटावं. काकू म्हणाल्या, छान आहे, आता वाईट करा. दुसऱ्या खेपेला त्यांनी जाडा दोरा घेतला. तोही पठ्ठ्यानं दाबून दाबून सपाट केला. तिसऱ्या वेळी काकू शेजारी बसल्या आणि प्रत्येक टाक्याला, सैल, अजून सैल, असं बजावत राहिल्या. काकांच्या कपाळावर घाम आला. शेवटी गोणपाट, दाभण आणि स्वेटरची लाल लोकर अशी सामग्री जमली, तेव्हा कुठं एकेक धागा सुटा दिसायला लागला.

पण काकूंना ते अर्धवट हवं होतं. उभे धागे सगळे घातलेले, आडवे निम्मे, आणि दाभण मध्येच अडकलेलं. हे ऐकून काकांनी मान हलवली, निम्म्यावर थांबले, आणि काकू फोन आणायला आत गेल्या. परत येऊन बघतात तर भोक बुजलेलं. काका ओशाळून म्हणाले, हात थांबत नाही, उघडं राहिलं की अंगावर काटा येतो. दुसरं गोणपाट घेतलं. काकू नुसत्या चष्मा पुसायला वळल्या, तेवढ्यात काकांनी तेही पुरं केलं. तेव्हा तिसऱ्या वेळी काकूंनी नणंदेला पहाऱ्यावर बसवलं. निम्म्यावर आल्याबरोबर नणंदेनं भावाची दोन्ही मनगटं धरून ठेवली, तो सोड म्हणतोय, ही सोडत नाही, आणि काकूंनी गोणपाट उंबऱ्याशी उजेडात नेऊन वरून सरळ फोटो काढला.

फोटो मात्र बघण्यासारखा निघाला. उभ्या लोकरीच्या तारा समांतर, त्यांच्यातून आडवा धागा वर-खाली वर-खाली करत येतो आणि निम्म्या भोकाशी थबकतो. ताण कुठंही चुकलेला नाही. आंधळ्यालाही कळेल की पुढचा धागा कुठून जाणार. चढवताना एका चौकटीत कारागिराचं नाव विचारलं होतं. काकूंनी विचारलं, तुमचं घालू ना. काका दचकलेच. एवढं ढोबळ काम आपल्या नावावर नको, गिऱ्हाईक बघेल. मग काय घालू, तर थोडा विचार करून म्हणाले, "शिकाऊ लिही. शिकाऊच्या मानानं बरं आहे."

काकूंनी 'शिकाऊ कारागीर' असं लिहिलं. पायमोजा खाली उतरला, गोणपाट माथ्यावर बसलं. तासाभरात काटकोन यांची नोंद आली: उत्तम चित्र, हरकत नाही, फक्त डावीकडून चौथा उभा धागा अर्धा अंश कललेला दिसतो. काका तिरीमिरीत उठले आणि गोणपाट शोधून चौथा धागा बघून आले. परत येऊन जागेवर बसले. कललेला होता.

कोटाचे दोन फोटोही मग काकूंनी घातले, पण लेखाच्या अगदी तळाशी, 'कुशल रफू' या दोन ओळींच्या तुकड्याशेजारी. याला काटकोन यांनीच आपल्या वहीतली मापं देऊन दुजोरा दिला. काकांनी एकदा तिथपर्यंत खाली जाऊन बघितलं आणि म्हणाले, इतक्या खाली कोण येतंय.

महिना गेला असेल. एका दुपारी काकू नळाच्या तोटीचं चित्र शोधत असताना चर्चेच्या पानावर नवीन काही आल्याची खूण दिसली. कुणी अनोळखी वाचक होता, टोपणनावसुद्धा नव्हतं. त्यानं लिहिलं होतं: लेखाच्या शेवटी चुकून साध्या कापडाचे चित्र लागले आहे. मी मोठे करून पाहिले, त्यात रफू कोठेही नाही. कृपया योग्य चित्र लावावे.

काकूंनी हाक मारली. काका पँट मांडीवर तशीच ठेवून ऐकायला लागले. परत वाच म्हणाले. काकूंनी परत वाचलं. मोठं करून पाहिलं असं लिहिलंय का, काकांनी विचारलं, आणि तेवढी ओळ तिसऱ्यांदा वाचून घेतली. शेजारच्या नणंदेला भिंतीवर थाप मारून बोलावलं, तिलाही वाचायला लावलं. ती म्हणाली, हा मेला आंधळा दिसतो. काका म्हणाले, आंधळा नाही, चांगला डोळस माणूस आहे, मोठं करून बघितलंय त्यानं.

काकूंनी उत्तर लिहायला बोटं टेकवली. काय लिहू, चित्र बरोबर आहे असं लिहू का, नीट समजावून सांगू का, त्यांनी विचारलं. काका सुईत धागा ओवत होते. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

"काही लिहू नकोस," ते म्हणाले. "शोधू दे त्याला."

नियमानं उत्तर द्यायला हवं होतं. वाचकाच्या शंकेला आठ दिवसांत उत्तर, हे काकूंनीच एकदा नवख्या लोकांना ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी दिनदर्शिकेकडं बघितलं. आठ दिवस म्हणजे आठ दिवस होते, पहिल्याच दिवशी लिहायचं असं कुठं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी संगणक मिटला.

तेवढ्यात फळीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. पिशवीतून तिनं जाकीट काढलं. चेन निम्म्यावर अडकली होती, वर जाईना की खाली येईना, आणि तिला तासाभरात कुठं जायचं होतं. काकूंनी जाकीट हातात घेतलं, उजेडाकडं धरून चेनीचे दात बघितले, खणातला मेणबत्तीचा तुकडा काढला आणि दातांवरून घासायला लागल्या.